‘फक्त बिअरच घेतलीय!’

गटारीची पार्टी उठली की बाइकची किल्ली शोधणाऱ्याचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘दारू कुठे, फक्त बिअरच घेतलीय!’ हिशेब करून बघू. स्ट्राँग बिअरमध्ये आठ टक्के अल्कोहोल धरलं, तर ६५० मिलिलिटरच्या बाटलीतून ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या लार्ज पेगमध्ये ते असतं साधारण २६. म्हणजे ‘फक्त बिअर’वाला दोन लार्ज मारून उठलेला असतो. सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तात त्यामुळे ८० मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असू शकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ची मर्यादा आहे ३०. स्कूटरलाही तीच.

‘मला चढतच नाही’ म्हणणारा तर जास्त धोक्याचा. सवयीमुळे त्याची जीभ अडखळत नाही, पण ब्रेकवर पाय उशिराच पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. अर्धा सेकंद उशीर झाला की आठ मीटर गेलेच.

मग निघतात उपाय : लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ. यानं फार तर झोप उडते. रक्तातलं अल्कोहोल यकृत आपल्याच चालीनं काढतं, तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅम. रात्री एक वाजता १३० वर असलेला माणूस सकाळी सातला, दाढी-आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कामावर निघतो तेव्हाही चाळिशीतच असतो! वेलची-बडीशेपेचं तर बोलायलाच नको. पोलिसांचं यंत्र फुप्फुसातली हवा तपासतं, तोंडाचा सुवास नव्हे.

‘सापडलो तर दंड भरू’ हाही एक भ्रम. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ साली फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली गेले. चालक प्यायलेला होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१२मध्ये सदोष मनुष्यवधाची शिक्षा कायम केली.

यंदा पार्टी तुमच्या घरी असेल, तर चखण्याबरोबर चार गाद्यांचीही सोय करा आणि किल्ल्या पहिला ग्लास भरण्याआधी, दारातच मागून घ्या.