नॉर्मल कोणाला म्हणायचं?

मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं, "सर, एक्स-रे म्हणजे फोटोच की! त्यात तत्त्वज्ञान कुठून आलं?" मी त्या अर्थाचा डॉक्टर नाही, पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज ही एका ग्रंथीची गोष्ट.

छातीत, हृदयाच्या पुढे-वर थायमस नावाची ग्रंथी असते. मराठी विश्वकोशात तिला यौवनलोपी ग्रंथी म्हटलंय. नाव चपखल आहे. तान्ह्या मुलात ती भरदार असते, आणि वयात आल्यावर आक्रसत जाते.

आता बघा. एकोणिसाव्या शतकात शरीररचना शिकायची ती शवविच्छेदनातून, आणि त्यासाठी देह यायचे ते बहुतेक गरिबांचे. त्यातली मुलं दीर्घ आजाराने, उपासमारीने खंगलेली. अशा ताणात ही ग्रंथी झपाट्याने लहान होते. ती लहान ग्रंथीच 'नॉर्मल' म्हणून नोंदली गेली! मग एखादं धडधाकट बाळ झोपेत अचानक दगावलं आणि त्याची ग्रंथी मोठी दिसली, की कारण सापडलंच. कोणी म्हणालं, श्वासनलिका दाबली गेली. कोणी म्हणालं, प्रकृतीतच दोष. 1889 मध्ये व्हिएन्नाच्या पाल्टाउफ यांनी या प्रकृतिदोषाची कल्पना मांडली. पुढे त्याला भारदस्त लॅटिन नाव चिकटलं. नाव मिळालं की रोग खरा वाटायला लागतो, हे आपलं जुनं दुखणं.

पुढे क्ष-किरण आले. 1907 मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीच्या फ्रीडलँडर यांनी एका बाळाच्या ग्रंथीवर ते सोडले. ग्रंथी लहान झाली, म्हणजे उपचार लागू पडला! त्यानंतर हजारो निरोगी बाळांना किरण दिले गेले, काहींना तर केवळ खबरदारी म्हणून. वाईट हेतू कोणाचाच नव्हता हो.

न्यूयॉर्कचे जॉन कॅफी मूळचे बालरोगतज्ज्ञ. 1945 मध्ये त्यांनी मुलांच्या क्ष-किरण निदानावर ग्रंथ लिहिला आणि त्यात या उपचाराला आधार नाही, असं स्पष्ट म्हटलं. त्यांनी निरोगी मुलांच्या फिल्मही बारकाईने पाहिल्या होत्या. 1950 मध्ये डफी आणि फिट्झजेराल्ड यांनी दाखवलं, की थायरॉइडचा कॅन्सर झालेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांना तान्हेपणी हे किरण दिलेले होते.

आज बाळाच्या फिल्मवर शिडासारखी तिरकी सावली दिसली, तर बालरेडिओलॉजिस्ट आधी वय विचारतात. शंका राहिलीच तर पुष्कळदा सोनोग्राफी करतात, त्यात क्ष-किरण नसतात. हाडांचंही तसंच. मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती फिल्मवर काळ्या रेघेसारखी दिसते. सवय नसलेल्या डोळ्याला ते फ्रॅक्चर वाटतं.

आणि अजून एक. केमोथेरपीत आक्रसलेली थायमस उपचार संपल्यावर पुन्हा वाढते, कधी पहिल्यापेक्षा मोठी होते. स्कॅनमध्ये ती पाहून कॅन्सर उलटला असं वाटू शकतं. तेव्हा आई-बाप बाहेर बाकावर बसलेले असतात, आणि आत कोणीतरी जुन्या-नव्या फिल्म शेजारी लावून तोच प्रश्न विचारत असतं: या मुलाचं, या वेळचं नॉर्मल कोणतं?