आठ-अ वरचा रकाना आणि गावची शाळा

सोसायटीच्या कर्जाला लागतो म्हणून आठ-अ चा उतारा आपण काढतो. क्षेत्र बघतो, आकार बघतो, घडी घालून खिशात टाकतो. पुढच्या वेळी जरा शेवटच्या रकान्यांकडेही बघा. 'स्थानिक कर' असे लिहून त्याखाली जि.प. आणि ग्रा.पं. असे दोन रकाने असतात. रक्कम किरकोळ असते. पण या उपकराची मुळे दीडशे वर्षांपेक्षा खोल गेलेली आहेत, आणि त्यातले एक मूळ थेट आपल्या गावच्या शाळेपर्यंत पोहोचते.

रुपयामागे एक आणा

१८६० नंतरच्या काही वर्षांतच मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' म्हणून वसूल होऊ लागला. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवलेला होता. म्हणजे खेड्यातल्या शाळेचा खर्च कोणी उचलला? ज्याच्या पोराने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते, त्या कुणब्याने.

ही गोष्ट सरकारच्या तोंडावर मांडली महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, पण तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांचे म्हणणे. इलाख्यातल्या दहापैकी जवळपास नऊ खेड्यांत शाळेची सोयच नाही असे सांगितले जाते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

जोतीराव नुसती तक्रार करून थांबले नाहीत. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, असे त्यांनी मागितले. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातले असावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि वेळ पडली तर नांगर धरायला लाजणार नाहीत. मोडी, बाळबोध, हिशेब आणि आरोग्याबरोबर शेतीचेही धडे असावेत, आणि त्याला जोड म्हणून शाळेचे छोटेसे नमुना शेत असावे. बघा मंडळी, हे १८८२ साली! आज आपण ज्याला प्रात्यक्षिक प्लॉट म्हणतो, तो जोतीरावांनी तेव्हाच शाळेच्या आवारात मागितला होता.

सक्तीचे शिक्षण आधी संस्थानांत

इंग्रज सरकारने सक्ती मानली नाही. ती आधी आणली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. हा राजा मूळचा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या शेतकरी घरातला. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत त्यांनी सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये तोच निर्णय घेतला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा रुपया म्हणजे गंमत नव्हती.

मधल्या काळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. मागणी तशी माफकच होती. १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. सरकार म्हणाले, पैसा नाही. आणि जमीनदारांकडून आणखी एक हरकत आली, ती नीट वाचा. पोरे शाळेत गेली तर शेतावर राबायला कोण?

आता आपण आपल्याच मनाला विचारू. कापूस वेचणीच्या दिवसांत, सोयाबीन काढणीला, ऊसतोडीला निघताना आपण वेगळे काय बोलतो? "दोन दिवस शाळा बुडली तर काय बिघडतंय?" दोनाचे दहा होतात, दहाचा महिना होतो. १९१२ मध्ये विधेयकाच्या आड आलेली ती हरकत आजही आपल्या घराच्या उंबऱ्यावर उभी आहे. आणि बहुतेक वेळा शाळा बुडते ती पोरीची.

दहा वर्षांचा वायदा

१९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, पण तो नगरपालिकांपुरता. खेडी बाहेरच राहिली. सरकारची वाट न बघता कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था उभी केली आणि 'कमवा आणि शिका' चा मार्ग दाखवला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने सांगितले की दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. तो वायदा हुकला. तरी काम थांबले नाही. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या ताब्यात गेल्या. वाडी-वस्तीवर शाळा पोहोचली ती याच काळात. १९८७ पासून खडू-फळा योजनेने एका खोलीच्या, एका गुरुजीच्या शाळेला दुसरी खोली आणि दुसरा शिक्षक देण्याचे ठरले. १९९५ मध्ये शालेय पोषण आहार सुरू झाला. २००२ मध्ये शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी त्याचा कायदा अमलात आला. जोतीरावांच्या निवेदनापासून मोजले तर सव्वाशे वर्षांवर काळ गेला.

आता पाळी आपली

या कायद्याने गावाच्या हातात एक औजार दिले आहे: शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. पण औजार खुंटीला टांगून ठेवले तर गंजणारच. बऱ्याच गावांत समितीची बैठक सहीपुरती होते. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि पालकांनी निदान एवढे करावे:

१) समितीची बैठक कधी झाली आणि काय ठरले, ते ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

२) शाळा विकास आराखडा करणे हे समितीचे काम आहे. तो मागून बघा आणि गरजेची कामे ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घाला.

३) स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी दिवाळीआधी करा. हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत गेली तर मूल गावात राहते.

४) शाळेत परसबाग करा. पोषण आहाराला भाजी मिळेल आणि पोरांना शेतीचे धडे. बियाणे, वाफे, खत यासाठी कृषी खात्याच्या गावच्या कर्मचाऱ्याला हक्काने बोलवा.

तुम्ही म्हणाल, कृषी खात्याच्या माणसाला शाळेचे काय पडले आहे? सांगतो. शिबिरात कीटकनाशकाचा डबा हातात देऊन मी विचारतो, या त्रिकोणाचा अर्थ काय? निम्मे लोक गप्प असतात. लाल म्हणजे अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा, हिरवा. दहा लिटरच्या पंपाचे प्रमाण पंधरा लिटरला किती, हा चौथीतला हिशेब आहे. तो चुकला तर पीक जळते, कधी माणूसही दवाखान्यात जातो. शाळा कच्ची राहिली की त्याची किंमत शेतात मोजावी लागते.

आणखी एक. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव राज्यात मागवले गेले होते. तेव्हा वाड्या-वस्त्यांवर काळजी पसरली. शाळा टिकवायची तर निवेदने द्यावी लागतील, पण त्याआधी पट टिकवावा लागेल. मूल रोज वर्गात बसले पाहिजे, वेचणीच्या दिवसांतही.

रुपयामागे एक आणा आपल्या पणजोबाने भरला, बदल्यात शाळा मिळाली नाही तरी भरला. आपल्याला शाळा मिळाली आहे. समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख उद्याच गुरुजींना विचारा, आणि त्या दिवशी शेतातले काम तासभर मागे ठेवा.