एनपीएसमधला आपला पैसा कुठे ठेवायचा? पूर्णा-परभणीच्या नोकरदारांसाठी

पूर्णा जंक्शनवरचा रेल्वे कर्मचारी, गंगाखेडच्या तहसील कार्यालयातला कारकून, सेलूकडच्या जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. तिघांच्याही पगारपत्रकात दर महिन्याला एनपीएसची कपात दिसते. ती कपात पुढे कुठे जाते, हे मात्र बहुतेकांनी कधी उघडून पाहिलेले नसते. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ च्या संपात आपले अनेक बांधव-भगिनी उतरले होते. ती मागणी आम्हाला रास्तच वाटते. पण लढा चालू असतानाही पैसा कापला जातोच आणि कुठेतरी गुंतवला जातोच. म्हणून हे लिहीत आहोत.

केंद्राच्या सेवेत १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्याच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ही योजना लागू झाली. राज्यात तिची सुरुवात डीसीपीएस या नावाने झाली. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते, तिचे १० टक्के आपले आणि एप्रिल २०१९ पासून १४ टक्के सरकारचे. म्हणजे ५०,००० रुपयांवर दरमहा १२,००० रुपये. आपल्या घरांत एवढी रक्कम महिन्याला बाजूला टाकणारी ही पहिलीच पिढी आहे. वडिलांनी सालगडी म्हणून काढलेली वर्षे किंवा आईची रोजंदारी यात म्हातारपणासाठी काही उरत नव्हते. त्यामुळे गुंतवणुकीचे बोलणे आपल्याकडे सोने, प्लॉट, भिशी आणि ओळखीच्या एजंटाची पॉलिसी यापलीकडे फारसे जात नाही.

आपण काहीच कळवले नाही, तर पैसा ठरलेल्या वाटेने जातो. एलआयसी, एसबीआय आणि यूटीआय यांच्या तीन पेन्शन फंडांत तो वाटला जातो. बराचसा भाग सरकारी रोख्यांत, काही कंपन्यांच्या कर्जरोख्यांत आणि थोडा शेअर्समध्ये. या शेअर्सची मर्यादा अनेक वर्षे १५ टक्के होती. केंद्रीय कर्मचाऱ्यांना, म्हणजे आपल्या पूर्ण्याच्या रेल्वेवाल्यांनाही, १ एप्रिल २०१९ पासून निवड करता येते. एक फंड व्यवस्थापक निवडता येतो, खासगीसुद्धा, आणि तो वर्षातून एकदा बदलता येतो. शिवाय पैसा कसा गुंतवायचा याचे मोजके पर्याय मिळतात. राज्य कर्मचाऱ्यांसाठी प्रत्येक राज्याने वेगळा निर्णय घ्यायचा असतो. म्हणून राज्य आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे आधी लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर थांबू नये.

पहिला पर्याय योजना जी. यात सगळा पैसा सरकारी रोख्यांत. दुसरा एलसी-२५ : वयाच्या पस्तिशीपर्यंत शेअर्स जास्तीत जास्त २५ टक्के, पुढे दरवर्षी एक-एक टक्का कमी होत पंचावन्नाव्या वर्षी ५ टक्के. तिसरा एलसी-५० : पस्तिशीपर्यंत ५० टक्के, मग दरवर्षी दोन टक्के कमी होत पंचावन्नाव्या वर्षी १० टक्के. हे कमी करणे आपोआप होते, आपल्याला अर्ज करावा लागत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी अलीकडे आणखी दोन पर्याय खुले झाले आहेत, पण निवडीचा विचार समजायला हे तीन पुरेत.

आता यातली एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाने एलसी-२५ घेतले, तर त्याचे शेअर्स १५ टक्केच असतात, म्हणजे काहीच न निवडणाऱ्याचे इतकी वर्षे होते तेवढेच. पन्नाशीत ते १० टक्क्यांवर येतात. एलसी-५० सुद्धा त्रेपन्नाव्या वर्षी १४ टक्क्यांवर आलेले असते. म्हणजे 'शेअर बाजार' या शब्दाला घाबरून पन्नाशीतला माणूस ज्या पर्यायापासून पळतो, तो त्या वयात फारसा धोक्याचा उरलेलाच नसतो. खरा फरक पडतो तो तिशीतल्या मुला-मुलींना.

किती फरक? दरमहा १२,००० रुपये २५ वर्षे जमा झाले, पगार वाढलाच नाही असे धरले, आणि वर्षाला ७ टक्के मिळाले तर साधारण ९७ लाख होतात. ९ टक्के मिळाले तर सुमारे १ कोटी ३४ लाख. हे दर कुणी हमीने देत नाही, आम्ही फक्त हिशेबासाठी घेतले आहेत. पण दोन टक्क्यांचे अंतर ३७ लाखांचे होते, हे डोळ्यांसमोर राहावे. दुसरी बाजूही पाहा. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर पंचवीस वर्षांनंतरच्या त्या ९७ लाखांत आजच्या भावाने २२-२३ लाखांचाच बाजार होईल. रुपयाची किंमत स्थिर राहिली नाही तर मार कुणाला बसतो, याची चिंता बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये केली होती. ठरलेल्या पगारावर आणि पेन्शनवर जगणाऱ्याला तो मार आधी बसतो. 'सुरक्षित' म्हणून नुसते रोखे धरून बसणाऱ्याने हा हिशेब टाळू नये.

शेअर्सचा धोका खोटा नाही. जानेवारी २०२० च्या उंचीवरून त्या मार्चमध्ये सेन्सेक्स सुमारे ३८ टक्के पडला. ज्याचा निम्मा पैसा शेअर्समध्ये, त्याची एकूण जमा तेवढ्यानेच १९ टक्के घटली असती. १५ टक्केवाल्याची सहाएक टक्के. त्याच वर्षी नोव्हेंबरपर्यंत बाजार पुन्हा जुन्या उंचीवर आला, पण एप्रिलमध्ये निवृत्त होणाऱ्याला त्याचा काय उपयोग? आणि सरकारी रोखेही अगदी हलत नाहीत असे नाही. व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचा भाव उतरतो, आणि योजना जी घेतलेल्यालाही एखाद्या वर्षी आकडा कमी दिसू शकतो.

आमचे मत सरळ आहे. चाळिशीच्या आतल्यांनी एलसी-५० चा गंभीरपणे विचार करावा. निवृत्तीला सात-आठ वर्षे राहिलेल्यांनी नव्याने धाडस करू नये. फंड व्यवस्थापक निवडताना मागच्या एका वर्षाचा परतावा पाहून उडी मारू नये. पाच आणि दहा वर्षांचे आकडे बघावेत. खर्चाची काळजी नको. फंडाचे शुल्क शंभर रुपयांमागे वर्षाला दहा पैशांहूनही कमी आहे. एजंटाच्या पॉलिसीत हे शोधून सापडणार नाही.

आपल्यापैकी काहींना वेगळा प्रश्न पडतो, आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे तथागतांनी सांगितले. मग माझ्या पेन्शनचा पैसा सिगारेट किंवा दारूच्या कंपनीत का जावा? बाजारातल्या मोठ्या कंपन्यांत अशाही कंपन्या आहेत, आणि अमुक कंपनी वगळा असे सांगायची सोय एनपीएसमध्ये नाही. ज्याला हे सहन होत नाही, त्याला योजना जी उरते. तिथे कंपन्या नाहीत, फक्त सरकार आहे. (सरकारही शस्त्रे घेतेच, म्हणून हा हिशेब कुठवर ताणायचा ते ज्याचे त्याने ठरवावे.) ती निवड आदराचीच आहे, फक्त वर सांगितलेली महागाईची किंमत जाणून करावी.

केंद्राच्या ज्यांनी ३० नोव्हेंबर २०२५ च्या मुदतीत यूपीएस घेतली, त्यांच्यासाठी गणित बदलते. तिथे पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन ठरलेली आहे. पण तुम्ही स्वतः गुंतवणुकीचा पर्याय बदललात आणि तुमची जमा ठरलेल्या मानक जमेपेक्षा कमी भरली, तर तूट भरून द्यावी लागते, नाहीतर पेन्शन त्या प्रमाणात घटते. यूपीएसवाल्याने म्हणूनच ठरलेली वाट सोडण्याआधी दहादा विचार करावा.

एनपीएसमध्ये साठीला ६० टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते आणि किमान ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते. नोकरी मध्येच सोडली तर हे उलटते आणि ८० टक्के वार्षिकीत अडकतात. मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी राजीनामा देऊन पैसा मोकळा करू, असा विचार असेल तर तो आजच सोडावा.

पर्यायाच्याही आधीचे एक काम आहे. आपला बारा अंकी प्राण क्रमांक घ्या, खात्याचा वर्षाचा उतारा काढा आणि पगारपत्रकातल्या कपातीशी महिना-महिना ताडून पाहा. कपात झाली पण खात्यात जमा नाही, डीसीपीएसच्या काळातला हिशेब पूर्ण वर्ग झाला नाही, अशा तक्रारी राज्यातल्या शिक्षक संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. जो महिना जमाच झाला नाही, त्यावर कोणताही पर्याय परतावा देत नाही. फरक सापडला तर महिने लिहून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच उताऱ्यावर वारसाचे नाव तपासा. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर अजून फक्त वडिलांचेच नाव असेल, तर ते याच महिन्यात बदलून घ्या.