सायकल सहलीचा शिधा : हलका, पण पुरेसा

सायकलवरून दोन-तीन दिवसांच्या मुक्कामी सहलीस निघणाऱ्यांपुढे शिध्याचा प्रश्न प्रथम उभा राहतो. सपाट रस्त्यावर न जाणवणारे दोन किलो वजन घाट चढताना जड होते. साहजिकच पाकीटबंद हलक्या अन्नाकडे ओढा असतो. परंतु पाकीट हलके कशामुळे झाले, हे जाणून घेतल्याखेरीज केलेली निवड अंगाशी येऊ शकते.

शिजलेल्या अन्नातील बरेचसे वजन पाण्याचे असते. १०० ग्रॅम भातात सुमारे ७० ग्रॅम पाणी असून त्यापासून जेमतेम १३० उष्मांक मिळतात. तेवढ्याच कोरड्या पोह्यांपासून सुमारे ३५०, तर शेंगदाण्यांपासून साडेपाचशेहून अधिक उष्मांक मिळतात. दिवसभर सायकल चालविणाऱ्या प्रौढास सुमारे ३००० उष्मांक लागतात असे धरल्यास कोरडा शिधा माणशी पाऊण किलोच्या आसपास पुरतो.

पाकीटबंद जेवण मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात शिजविलेला पदार्थ थरयुक्त पिशवीत हवाबंद करून दाबाखाली उच्च तापमानास निर्जंतुक करतात. सैनिकांच्या आहाराच्या गरजा भागविण्यासाठी म्हैसूर येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने असे अनेक भारतीय पदार्थ विकसित केले. हे अन्न पाणी न घालता खाता येते. मात्र त्यातील पाणी कायम असल्याने ते जड असते. दुसऱ्या प्रकारात अन्न वाळवून, किंवा गोठवून निर्वात अवस्थेत त्यातील बर्फाची थेट वाफ करून, पाणी काढून टाकतात. हे अन्न अतिशय हलके असते; पण खाण्यापूर्वी त्यात उकळते पाणी घालावे लागते.

म्हणजेच, वाटेत पाणी नसेल तर पाकिटात वाचलेले वजन बाटलीत वाहावे लागते. सह्याद्रीच्या माथ्यावर चैत्र-वैशाखात अनेक विहिरी व टाकी आटतात. अशा वेळी पिण्याचे पाणीच स्वयंपाकात खर्ची पडल्यास उन्हात सायकल चालविणाऱ्या मुलांच्या जिवावर बेतू शकते. सहल ठरविताना शिक्षकांनी मार्गावरील ग्रामपंचायतींकडे पाण्याची चौकशी करावी व त्यानुसार शिधा निवडावा. पंचायत सदस्यांनीही नेमकी माहिती द्यावी.

विकतची पाकिटे महाग वाटल्यास सातूचे पीठ, मेतकूट, पोहे, चिक्की आणि लाडू हा परिचित शिधाही तितकाच उपयुक्त आहे. पाकीट घेताना वापराची मुदत पाहावी. फुगलेले वा फाटलेले पाकीट टाकून द्यावे. पाणी घातलेले अन्न लगेच संपवावे, ते दुसऱ्या वेळेसाठी ठेवू नये. नवा पदार्थ आधी घरी करून पाहावा.

रिकामी पाकिटे कुजत नाहीत. जाताना भरलेले पाकीट नेणाऱ्याने येताना ते रिकामे परत आणणे, हाही सहलीच्या शिस्तीचाच भाग होय.