४१ मेगापिक्सेल आणि राजगडाची सावली

नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू या फोनच्या पाठीला कुबड होतं. एरवी १३.९ मिलिमीटर जाड असलेला हा फोन कॅमेऱ्यापाशी जवळजवळ १८ मिलिमीटरपर्यंत फुगला होता, आणि त्या फुगवट्यात ४१ मेगापिक्सेलचा सेन्सर होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या मोबाइल मेळ्यात तो पहिल्यांदा दाखवला गेला, तेव्हा नावाजलेल्या फोनांचे कॅमेरे ८ मेगापिक्सेलच्या आसपास होते. मेळ्यातल्या सर्वोत्तम नव्या उपकरणाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. भारतात तो सुमारे ३४ हजार रुपयांना आला. आणि जानेवारी २०१३ मध्ये नोकियाने सांगून टाकलं, की सिंबियन या प्रणालीवर चालणारा हा आपला शेवटचा फोन.

एवढ्या ताकदीचा फोन बुडत्या प्रणालीला वर काढू शकतो का? हा प्रश्न भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांत नेऊन विचारावा असं मला फार वाटतं. (वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात.) शहरात फोनची स्वतःची ताकद कुठे संपते आणि बाहेरून आलेली कुठे सुरू होते, हे कळतच नाही. तोरणा आणि राजगडामधल्या खोऱ्यात उतरलं, रेंजच्या दांड्या एकेक करून गेल्या, की ते लख्ख दिसतं.

आधी त्या सेन्सरकडे बघू, कारण तो खरोखर थक्क करणारा होता. प्रकाश कणांनी येतो आणि हे कण पावसाच्या थेंबांइतकेच बेशिस्तीने पडतात. सेन्सरवरचा एक पिक्सेल या फोनमध्ये १.४ मायक्रॉन रुंद होता, म्हणजे केसाच्या जाडीत असे पन्नासएक पिक्सेल सहज मावतील. इतक्या लहान जागेत संध्याकाळच्या उजेडाचे कण पडणार किती? शेजारच्या दोन पिक्सेलवर सारखाच उजेड असूनही एकाला थोडे जास्त मिळतात, दुसऱ्याला कमी. फोटोत आपण ज्याला दाणेदारपणा म्हणतो तो इथून येतो. नोकियाच्या अभियंत्यांनी ४१ मेगापिक्सेल घेतले ते ४१ मेगापिक्सेलचा फोटो काढायला नव्हेच. साधारण सात शेजारी पिक्सेलांची नोंद एकत्र करून त्यांचा एक पिक्सेल करायचा आणि ५ मेगापिक्सेलचा फोटो द्यायचा, हा त्यांचा बेत. सात नोंदींची सरासरी घेतली की प्रत्येकीतली यदृच्छेची चूक एकमेकींना खोडत जाते, आणि दाणेदारपणा सातच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे २.६ पटींनी, घटतो.

दुसरा फायदा मला याहून सुंदर वाटतो. कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतो: तांबडा, हिरवा किंवा निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात, म्हणजे साध्या डिजिटल फोटोतली दोन-तृतीयांश रंगमाहिती अंदाजाचीच असते. सात पिक्सेल एकत्र आले की त्यांत तिन्ही रंग खरे मोजलेले सापडतात. झूमही तसाच निघाला. भिंगं पुढेमागे सरकवायची गरज नाही. सेन्सरचा मधला तुकडा तेवढा घ्यायचा, पिक्सेल कमी एकत्र करायचे. राजगडाच्या सुवेळा माचीच्या नेढ्याचा फोटो खालच्या वाटेवरून काढायचा तर सुमारे तिप्पट जवळ जाता येई आणि तरीही ५ मेगापिक्सेल खरेच राहत. आवाजाचंही तसंच. १४० डेसिबलपर्यंतचा आवाज न फाटता टिपण्याचा नोकियाचा दावा होता. जत्रेतले ढोल ज्याने साध्या फोनवर रेकॉर्ड करून पाहिले आहेत त्याला याचं मोल कळेल.

या कॅमेऱ्यावर पाचेक वर्षं काम चाललं होतं. म्हणजे तो डोक्यात आला तेव्हा सिंबियन जगातली सर्वांत मोठी स्मार्टफोन प्रणाली होती. २००८ मध्येही विकले जाणारे निम्म्याहून अधिक स्मार्टफोन तिच्यावर चालत होते. सेन्सर तयार होईपर्यंत पायाखालची जमीन सरकली. ११ फेब्रुवारी २०११ रोजी लंडनमध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर यांच्या सोबतीने जाहीर केलं, की यापुढे आपले मुख्य फोन विंडोज फोनवर चालतील. ८०८ त्यानंतर वर्षभराने आला. घरमालकाने वाडा पाडायचं ठरवल्याचं सगळ्यांना सांगून झालं होतं.

पण सिंबियन टाकाऊ होती असं समजू नये. तिचं मूळ ब्रिटनच्या सायन कंपनीच्या एपॉक या प्रणालीत. १९९७ चा सायन सीरिज ५ हा खिशातला संगणक दोन पेन्सिल सेलवर चालायचा आणि त्याची मेमरी ४ किंवा ८ मेगाबाइट असायची. अशा यंत्रात मेमरीचा एक बाइट सांडून चालत नाही, आणि महिनोन्‌महिने बंद-चालू न करताही यंत्र अडता कामा नये. म्हणून सिंबियनवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला घेतलेल्या प्रत्येक बाइटचा हिशेब स्वतः ठेवावा लागे. मजकुराची एक ओळ हाताळायलाही वेगळ्या पद्धती शिकाव्या लागत. लहान बॅटरीवर फोन कित्येक दिवस चालायचा तो या काटकसरीमुळे. पुढे मेमरी स्वस्त झाली, काटकसरीची गरज उरली नाही, पण काटकसरीचे कष्ट तसेच राहिले. जे ॲप अँड्रॉइडवर एखादा विद्यार्थी सुट्टीत लिहून टाकी, त्यासाठी इथे अनुभवी माणूस लागायचा. पडद्याचंही तसंच अडलं होतं. ८०८ चा पडदा ६४० बाय ३६० ठिपक्यांचा होता, कारण प्रणालीच ठरावीक मापांना बांधलेली होती. जगातला सर्वांत बारीक पाहणारा फोन आपलंच चित्र जाडसर दाखवत असे.

इथे आपण प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. मोबाइल प्रणाली हा आठवडी बाजार आहे. गिऱ्हाईक येतं म्हणून दुकानदार पाल ठोकतो, आणि दुकानं असतात म्हणून गिऱ्हाईक येतं. बाजार भरत असतो तोवर दोघेही एकमेकांना ओढतात. एकदा दोन-चार पालं उठली की दोघेही एकमेकांना पळवतात. अशा वेळी एकाच दुकानात कितीही अप्रतिम माल आला तरी त्या एका मालासाठी बाजाराची वाट कोण तुडवणार? थोडे जण तुडवतात. ८०८ चे चाहते तसेच होते. पण थोड्यांवर बाजार भरत नाही.

नोकियाने हेच दुसऱ्यांदा करून पाहिलं. जुलै २०१३ मध्ये ल्युमिया १०२० आला: पुन्हा ४१ मेगापिक्सेल, आणि हाताचा थरथराट शोषून घेणारी यंत्रणा. प्रणाली आता विंडोज फोन, नवीकोरी आणि देखणी. भारतात तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोचला. फोटो काढण्यात त्याच्या जवळपास कुणी नव्हतं. पण जग ज्या ॲपवर फोटो टाकत होतं ते इन्स्टाग्राम विंडोज फोनवर नोव्हेंबर २०१३ मध्ये आलं, तेही चाचणी आवृत्ती म्हणून. सिंबियनवर तर ते अधिकृतपणे कधीच आलं नाही. दोन्ही वेळा फोन कमी पडला नाही, आणि मला यातली खरी हळहळ तीच वाटते.

आता ८०८ घेऊन, समजा आज, गुंजवण्याहून राजगडाची वाट धरली तर काय होईल?

जिओचं सिम त्यात चालणार नाही. जिओचं जाळं जन्मापासून ४जीचं आहे, आणि ८०८ ला ४जी ठाऊक नाही. एअरटेल किंवा व्हीआयच्या जुन्या २जी लहरींवर बोलता येईल, पण डोंगराच्या सावलीत नाही. २जीच्या ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, ४जीच्या २३०० मेगाहर्ट्झची १३. लांब लहर अडथळ्याच्या कडेवरून थोडी अधिक वाकते, पण चारशे-पाचशे मीटर उठलेल्या कातळापुढे दोघींचीही गत सारखीच. म्हणून मोबाइलच्या लहरींच्या दृष्टीने भोर-वेल्ह्यात प्रत्येक डोंगराला एक सावली आहे, आणि उन्हाच्या सावलीसारखी ती दिवसभरात सरकत नाही.

माथ्यावर मात्र उलट घडतं: आडवं काहीच येत नाही, अडवतं ते अंतर. राजगडावरून पुणे शहराचा मध्य सरळ रेषेत साधारण ३५ किलोमीटरवर आहे, आणि नेमकी तीच २जीची हद्द आहे. त्या पद्धतीत टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाच्या बारीक तुकड्यात बोलायची पाळी देतो. लहर प्रकाशाच्या वेगाने धावत असली तरी ३५ किलोमीटरपलीकडून आलेला शब्द पुढच्याच्या पाळीत शिरतो, म्हणून टॉवर इतक्या लांबच्या फोनला घेतच नाही. प्रकाशालाही उशीर होतो, आणि टॉवर खिशातल्या फोनचा तो उशीर मोजत असतो! गडावर उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो.

व्हॉट्सॲप उघडणार नाही. सिंबियनसाठी ते ३० जून २०१७ रोजी बंद झालं. पण खोऱ्याच्या तळाशी, एकही दांडी नसताना, कॅमेरा पूर्वीइतकाच चालतो. टॉर्च चालतो. आणि जीपीएस चालतं. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला फक्त ५० बिट्स या गतीने आपली माहिती पाठवत असतात. एका उपग्रहाचा नेमका ठावठिकाणा ऐकायला अर्धं मिनिट लागतं, सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक ऐकायला साडेबारा मिनिटं. रेंज असली की फोन हे सारं इंटरनेटवरून क्षणात उचलतो. नसली की आकाशाकडे तोंड करून धीराने ऐकत बसतो, आणि मग जागा सांगतो. जानेवारी २०१० पासून नोकियाने नकाशे फुकट दिले होते, तेही आधी उतरवून घेऊन रेंजशिवाय वापरता येतील असे. डोंगरात फिरणाऱ्यांसाठी ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती!

नोकियाला ही विनारेंजची दुनिया समजत होती, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. २००८ च्या अखेरीस ‘नोकिया लाइफ टूल्स’ या सेवेची पहिली चाचणी आपल्या राज्यात झाली. बाजारभावांसाठी महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाची साथ होती. शेतमालाचा भाव, हवामान, इंग्रजीचे धडे: सगळं चित्रांच्या साध्या मांडणीतून, स्वस्तातल्या फोनवर, आणि इंटरनेटऐवजी एसएमएसवर. एसएमएस लहान असतो, रेंज आली की पोचतो, तोवर थांबून राहतो. जिथे रेंज येते-जाते तिथे हे शहाणपण मोलाचं. २०१३ संपता संपता तीही सेवा थांबली.

आणि आता मूळ प्रश्नाची उलटी बाजू. मोझिलाने फायरफॉक्स ओएस ही फोनप्रणाली काढली होती. २०१४ मध्ये इंटेक्सने तिच्यावरचा फोन भारतात १,९९९ रुपयांना आणला. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनांसाठी ती सोडून दिली. तिच्याच पायावर कायओएस उभी राहिली, आणि जुलै २०१७ मध्ये जाहीर झालेल्या जिओफोनमध्ये तीच आली: २.४ इंचांचा पडदा, ५१२ मेगाबाइट मेमरी, बटणं, १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत. ताकदीच्या कुठल्याही तराजूत ८०८ च्या कॅमेऱ्यापुढे हा फोन काहीच नव्हता. तरी २०१८ च्या सुमारास कायओएसने भारतात आयफोनला मागे टाकलं, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप स्वतःहून तिच्या दारी आलं. जिओने आधी टॉवर उभारले, डेटा स्वस्त केला, मग बाजार भरवला. सोडून दिलेली प्रणाली उठून उभी राहिली ती फोनच्या बळावर नव्हे, जाळ्याच्या.

म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर नाही असंच आहे. ताकदवान फोन बुडती प्रणाली तारू शकत नाही. पण फोनमधली कल्पना ही वेगळी चीज. २०१८ मध्ये सोनीने ४८ मेगापिक्सेलचा सेन्सर आणला; चार पिक्सेल जोडून एक करायचे आणि १२ मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो द्यायचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो रेडमी नोट ७ प्रोमधून १३,९९९ रुपयांत भारतात पोचला. आज नसरापूर किंवा भोरच्या मोबाइल दुकानात मिळणाऱ्या साध्या फोनांतही ५० मेगापिक्सेलचा सेन्सर हेच गणित करत असतो. मात्र ८०८ चा सेन्सर १/१.२ इंच मापाचा होता, आणि बहुतेक फोनांमध्ये तेवढा मोठा सेन्सर अजूनही नसतो.