मुकादमही डबे वाहतो

वसई-विरारच्या आम्हा चाकरमान्यांना लोकलमधले पांढऱ्या टोपीचे डबेवाले परके नाहीत. माणसे कशी सांभाळावीत, हे मी त्यांच्या मुकादमांकडे पाहून शिकलो.

१८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी मुंबईत हे काम सुरू केले. गटाचा मुकादम हिशेब ठेवतो, तंटे मिटवतो, नवख्याला रस्ते दाखवतो आणि स्वतःही डबे वाहतो. गर्दीतले हाल त्याला कुणी सांगावे लागत नाहीत. म्हणून त्याचा शब्द जाचक वाटत नाही.

दुसरी गोष्ट, गटात एखाददुसरा गडी जादा असतो. कुणी आजारी पडला, तरी कुणाचे जेवण अडत नाही. रजा मागणाऱ्याला खजील करण्याऐवजी ही तजवीज आधीच करणे, हे वरिष्ठाचे काम.

तिसरी, कामावर टोपी नसली की दंड. पण नियम सर्वांना सारखा.

आमच्या वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत दूरदूरची पोरे पोटासाठी येतात. चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला, तर हात चालत राहतात, मन मात्र उठते. सुपरवायझर मंडळींनी ओरडण्यापूर्वी तासभर त्यांच्या शेजारी मशिनवर उभे राहून पाहावे. निम्म्या चुकांचे कारण तिथेच सापडेल.