फोर्सला टेकू यंत्रांचा

'स्टार वॉर्स'मध्ये अंतराळातलं साम्राज्य आहे, त्याच्याविरुद्ध उठलेले बंडखोर आहेत, ग्रहच्या ग्रह उडवणारी शस्त्रं आहेत; आणि या सगळ्याच्या मधोमध चक्क जादू आहे. जेडाय योद्धे हात न लावता वस्तू हलवतात, समोरच्याचं मन वळवतात. या शक्तीचं नाव 'फोर्स'. 25 मे 1977 रोजी पहिला चित्रपट अमेरिकेतल्या अवघ्या 32 चित्रपटगृहांत लागला. 2019 पर्यंत मुख्य कथेचे नऊ भाग झाले. ही जादू लोकांच्या गळी उतरली, त्याचं मोठं श्रेय यंत्रं घडवणाऱ्यांना जातं.

दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांसारख्या झुंजी हव्या होत्या. त्यासाठी त्यांनी जुन्या युद्धदृश्यांचे तुकडे जोडून नमुनाच तयार केला. पण तसं काही चित्रित करणारी यंत्रणा तयार मिळण्यासारखी नव्हती. म्हणून 1975 मध्ये लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातल्या एका गोदामात 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक' सुरू झाली. प्रमुख होते जॉन डायक्स्ट्रा.

तिथे घडलेला कॅमेरा म्हणजे 'डायक्स्ट्राफ्लेक्स'. निळ्या पडद्यापुढे यानाचं मॉडेल खांबावर बसवायचं आणि कॅमेऱ्यानेच रुळावरून त्याच्याकडे झेपावायचं, वळायचं, कलायचं. ही हालचाल नोंदवून ठेवलेली असे आणि मोटरी ती हवी तितक्या वेळा हुबेहूब करून दाखवत. एका फेरीत यानाचं अंग टिपायचं, दुसऱ्या फेरीत फक्त इंजिनांचा उजेड. मग ऑप्टिकल प्रिंटरवर सगळे थर एकावर एक चढवायचे. दोन फेऱ्यांत जरा फरक पडला, तर उजेड इंजिनापासून सुटून दिसणार. थर वाढले की चित्र भरड होतं, म्हणून जुने व्हिस्टाव्हिजन कॅमेरे वापरात आणले. त्यांत फिल्म आडवी धावते आणि मोठी चौकट मिळते.

यानंही चकचकीत ठेवली नाहीत. बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या नि विमानांच्या प्लॅस्टिक किटांचे भाग त्यांच्यावर चिकटवले, वर काजळी आणि ओघळ रंगवले. 'मिलेनियम फाल्कन' बघताक्षणी कळतं, हे धूड बरंच वापरलेलं आहे आणि कितीदा तरी दुरुस्त झालंय.

आवाजाचंही तेच. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीसाठी फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरीची घरघर घेतली आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबजवळ माइक नेल्यावर उमटणारी गुणगुण तीत मिसळली. मग तो आवाज स्पीकरवर लावून त्याच्यासमोर माइक फिरवला; तलवार हवेत फिरल्याचा भास त्यातून आला. साम्राज्याच्या लढाऊ विमानांच्या किंकाळीत हत्तीचा चीत्कार आहे आणि ओल्या रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीचा आवाजही.

एवढा पाया घातल्यावर 1977 च्या चित्रपटाचा शेवट येतो. बंडखोरांचा तरुण वैमानिक ल्यूक साम्राज्याच्या महाशस्त्रावरच्या अरुंद खिंडीतून झेपावताना नेम धरणारा संगणक बंद करतो आणि फोर्सवर भरवसा ठेवतो. आपण तो निर्णय मान्य करतो, कारण त्याचं विमान, ती खिंड, मागून येणारा शत्रू हे सगळं तोवर आपल्याला खरं झालेलं असतं. याउलट 1999 च्या 'द फँटम मेनेस'मध्ये फोर्सचा संबंध रक्तातल्या सूक्ष्म जीवांच्या मोजदादीशी जोडला गेला. अनेक जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. साधनेने मिळणारी गोष्ट त्यामुळे रक्ततपासणीच्या अहवालावर आली.

2012 मध्ये डिस्नेने लुकास यांची कंपनी लुकासफिल्म चार अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली, पण यंत्रांचा टेकू सुटला नाही. 2019 च्या 'द मँडलोरियन' मालिकेसाठी 'इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक'नेच कलाकारांमागे एलईडीची प्रचंड भिंत उभारली. कॅमेरा हलला की भिंतीवरचं दृश्यही त्याच्या नजरेप्रमाणे बदलतं. त्या मालिकेतला चिमुकला ग्रोगू बहुतांश दृश्यांत सेटवर हाताळलेली बाहुली आहे. तो डोळे मिटतो आणि अजस्र जनावर अधांतरी उचलतो. हे कसं घडलं, याचा खुलासा मालिका तिथे देत नाही आणि प्रेक्षकही मागत नाही. या विश्वात नव्याने गोष्ट रचणाऱ्याने आपली मेहनत यानांवर, आवाजांवर, बाहुल्यांवर खर्च करावी. फोर्सला स्पष्टीकरणाची गरज नाही.